प्रवेश बंद, पर्यायी मार्ग

घोडबंदर रस्त्यावर गायमुख घाटात कंटेनर उलटला की ठाण्यातल्या पत्रकारांच्या मोबाइलवर थोड्याच वेळात एक मजकूर येतो. त्याचा साचा ठरलेला आहे. घटना, ठिकाण, वेळ. चालकाला लागलं आहे का, रस्त्यावर तेल सांडलं आहे का. मग हजेरी: आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे कर्मचारी एका पिकअप वाहनासह, अग्निशमन दलाचे जवान एका रेस्क्यू वाहनासह, वाहतूक पोलीस दोन हायड्रा मशीनसह घटनास्थळी उपस्थित. आणि शेवटी, रस्ता एका बाजूने सुरू आहे की पूर्ण बंद, एवढं.

जे आले त्यांची हजेरी या मजकुरात असते. ज्यांना निदान कळायला तरी हवं होतं, त्यांचा उल्लेख नसतो. घाट ओलांडला की मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची हद्द लागते. गुजरातकडून येणारे ट्रक फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर अडवायचे तर ते त्यांनीच अडवायचे. याच रस्त्यावरून ठाणे परिवहनच्या आणि एसटीच्या गाड्या धावतात, आणि त्यांच्या नियंत्रकाला बातमी लागते ती बहुधा स्वतःच्याच अडकलेल्या चालकाकडून. शिवाय रस्ता एकाचा नाही. बरीच वर्षं मुख्य रस्ता राज्य सरकारच्या खात्याकडे, कडेचा सेवा रस्ता महापालिकेकडे आणि मधले मेट्रोचे खांब महानगर विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे असा कारभार चालला. खड्डा कोणाचा यावर ठाणेकरांनी इतकी पत्रं लिहिली आहेत की त्या कागदानेच खड्डा भरला असता.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात वाहतूक कोलमडल्यावर सगळ्यांना एकत्र आणणारी संस्था शोधायला गेलं तर पाटी लावलेलं दार सापडत नाही. तुकडे मात्र सगळे आहेत. ठाणे शहर पोलीस आयुक्तालय १९८१चं. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा भाग त्याच्याकडे. तीन हात नाक्यावरच्या त्याच्या वाहतूक शाखेखाली कोपरी-नौपाड्यापासून नारपोली, कोनगाव, कोळसेवाडी, विठ्ठलवाडी, अंबरनाथपर्यंत १८ उपशाखा. मुख्य महापालिका दोन, ठाण्याची १९८२ची आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. त्यांच्या बससेवाही दोन, टीएमटी १९८९ची आणि केडीएमटी १९९९ची. कल्याण-शीळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे एमएसआरडीसीचा. वडपे ते माजिवडा नाशिक महामार्ग रुंद करण्याचं कामही त्यांच्याचकडे. रुळांवर मध्य रेल्वे, आणि तिथे पोलीसही दोन: गुन्हा नोंदवणारे राज्याचे लोहमार्ग पोलीस आणि रेल्वेच्या मालमत्तेचे रखवालदार आरपीएफ, जे केंद्राचे. डोंबिवली एमआयडीसीत आग लागली तर एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल वेगळं. या सगळ्यांना एका दोरीत ओवू शकेल असा अधिकारी एकच, जिल्हाधिकारी, आणि तोही २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने. तो कायदा पुराला, इमारत कोसळण्याला, स्फोटाला आहे. साकेत पुलावर सकाळी नऊला ट्रक बंद पडला तर त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही.

आणि इथे तर ट्रक बंद पडणं ही स्थानिक घटना राहतच नाही. त्याचं कारण नकाशात आहे. पश्चिमेला येऊरचे डोंगर, मधे खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, आणि कल्याणला वळसा घालून येणारी उल्हास नदी. यांच्यामधून पलीकडे जायला वाटा मोजक्याच: कोपरी, कळवा, साकेत, खारेगाव, कशेळी, गायमुख, मुंब्रा बायपास, शीळफाटा, दुर्गाडी, पत्री पूल. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी १ मे रोजी रूळ कल्याणला पोचले. खाडी रेल्वेने तेव्हाच ओलांडली. रस्ते मात्र अजून तिच्या काठाकाठाने जागा शोधताहेत. यातली एक वाट बंद झाली की तिची गर्दी दुसऱ्या वाटेवर जाते, आणि ती दुसरी वाट आधीच भरलेली असते. २०१८च्या उन्हाळ्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला. न्हावाशेवा बंदरातून नाशिक-गुजरातकडे जाणारे कंटेनर ऐरोली-मुलुंडमार्गे वळवले गेले, आणि सप्टेंबरात बायपास खुला होईपर्यंत ऐरोलीच्या टोलनाक्यावरच्या माणसालाही मुंब्र्याची दुरुस्ती कुठवर आली हे तोंडपाठ झालं.

कंटेनर उचलण्याचं काम जवळून पाहिलं तर समन्वय ही बैठकीतली नव्हे, क्रमाची गोष्ट आहे हे कळतं. हायड्रा म्हणजे पुढे लांब बूम असलेली क्रेन. भार उचलून ती तशीच चालत जाते, म्हणून रस्त्यावर सोयीची. पण भरलेला कंटेनर एकटीला पेलत नाही. दोन लागतात, एक केबिनच्या बाजूला, एक मागच्या चाकांशी. त्याआधी केबिनमध्ये माणूस अडकला असेल तर अग्निशमन दलाने पत्रा कापून त्याला काढायचं. डिझेल गळत असेल तर पाण्याचा बंब शेजारी उभा हवा. तेल पसरलं असेल तर त्यावर माती टाकायची, नाहीतर मोकळी झालेली लेन पुढच्या मिनिटाला दुचाकीस्वारांना आडवं करते. माती टाकणारा पिकअप पहिल्या दहा मिनिटांत लागतो, हायड्रा नंतर. प्रत्यक्षात जो जवळ असतो तो आधी येतो, आणि कधी हायड्रा आधी येऊन बंबाची वाट पाहत उभी राहते.

त्यात हायड्रालाही याच कोंडीतून यायचं असतं. ती उलट्या दिशेने आणायची तर पुढच्या उपशाखेने समोरची वाहतूक रोखून धरायला हवी. ठाण्यात अवजड वाहनांना बरीच वर्षं दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० नंतर पहाटेपर्यंत अशी वेळ दिली जात आली. म्हणजे अपघात सकाळी साडेअकराला झाला, तर १२च्या ठोक्याला सुटण्यासाठी शहराबाहेर रांगेत उभे असलेले ट्रक अर्ध्या तासात त्याच रस्त्यावर येणार. ते नारपोलीच्या बाजूलाच आणखी थोडा वेळ धरून ठेवा, असा एक फोन वेळेवर गेला तर कोंडी तासाभरात फुटते. नाही गेला, तर संध्याकाळची ऑफिसं सुटेपर्यंत ती फुटत नाही. हा फोन करणं कोणाच्या नोकरीत लिहिलेलं आहे? उपशाखेच्या निरीक्षकाच्या नाही, आपत्ती कक्षातल्या ऑपरेटरच्या नाही, टीएमटीच्या नियंत्रकाच्या तर नाहीच. कोणीतरी तो करतो, अनुभवाने आणि ओळखीने. जुन्या माणसाची बदली झाली की ती ओळख नव्याने जमवावी लागते.

या व्यवस्थेचा लेखी चेहरा म्हणजे वाहतूक शाखेची अधिसूचना. पोलीस उपायुक्तांच्या सहीची, मोटार वाहन कायदा १९८८च्या ११५, ११६ आणि ११७ या कलमांचा हवाला देणारी. तिची रचना वर्षानुवर्षं तीच आहे. ‘प्रवेश बंद’ असं शीर्षक, त्याखाली कुठून कुठे जाणाऱ्या कोणत्या वाहनांना कुठे अडवलं जाईल ते. मग ‘पर्यायी मार्ग’, आणि त्याखाली ती वाहनं कुठून वळून इच्छित स्थळी जातील ते. शेवटी पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि अवयव नेणारा ग्रीन कॉरिडॉर यांना सूट. करोनानंतर त्या यादीत ऑक्सिजनची वाहनंही आली. टेंभी नाक्याच्या देवीची मिरवणूक, पाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवरची शोभायात्रा, मेट्रोचा गर्डर, पुलाची दुरुस्ती, सगळ्याला हाच एक साचा. मला हा दस्तऐवज आवडतो. त्यात एकही मोठा शब्द नसतो, आणि वाचून झाल्यावर गाडी कुठे वळवायची हे नक्की कळतं. एक उणीव मात्र खटकते. वाहनाला त्यात पर्यायी मार्ग मिळतो, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला मिळत नाही. अमुक क्रमांकाची बस आज तमुक थांब्यावर येणार नाही, हे सांगायचं परिवहन सेवेने, आणि तिची सूचना निघाली तर वेगळ्या कागदावर निघते.

हीच माणसं ठरवून काम करायला बसली की काय करू शकतात हे पाहायचं तर रेल्वेचे ब्लॉक पाहावेत. ३० मे २०२४च्या मध्यरात्रीनंतर ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक सुरू झाला. फलाट ५ आणि ६वर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, तिथे रूळ सरकवून फलाट दोन-तीन मीटर रुंद करायचा होता. भर घालून, काँक्रीट ओतून ते वाळायची वाट पाहायला वेळ नव्हता. म्हणून कारखान्यात आधीच तयार केलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे आणून रुळाच्या कडेला ओळीने रचले गेले. त्याच दरम्यान सीएसएमटीला ३६ तासांचा वेगळा ब्लॉक. तीन दिवसांत ९३० लोकल रद्द, त्यातल्या ५३४ एकट्या शनिवारी. शक्य तिथे घरून काम करू द्या असं आवाहन रेल्वेने कार्यालयांना आधीच केलं होतं. एसटी, बेस्ट आणि टीएमटी यांनी जादा गाड्या काढल्या. त्याआधी ५ ते ७ फेब्रुवारी २०२२ला ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा ब्लॉक झाला होता, आणि तेव्हाही महापालिकांच्या बसगाड्या रेल्वेच्या मदतीला आल्या होत्या.

पत्री पुलाची गोष्ट याहून लांब आणि अधिक शिकवणारी आहे. कल्याणच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा हा लोखंडी पूल १९१४चा. जुलै २०१८मध्ये अंधेरीला रेल्वेवरचा गोखले पुलाचा भाग कोसळला, सगळ्या जुन्या पुलांची तपासणी झाली आणि ऑगस्टमध्ये पत्री पूल बंद करण्यात आला. १८ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन असा सहा तासांचा ब्लॉक घेऊन तो उतरवला. कल्याण-डोंबिवली लोकल बंद, लांब पल्ल्याच्या गाड्या रद्द किंवा वळवलेल्या, आणि दोन स्थानकांच्या मधे बस. खाली रेल्वे, वर एमएसआरडीसी, दोन्ही टोकांना महापालिका, चौकाचौकात वाहतूक पोलीस आणि वॉर्डन. रेल्वेच्या घड्याळापुढे सगळ्यांची घड्याळं जुळली. लग्नाचा मुहूर्त धरला की एरवी न बोलणारे भाऊही वेळेवर मांडवात हजर होतात, तसंच हे.

मुहूर्त संपला आणि मग दोन वर्षं गेली. शेजारच्या एकाच पुलावरून सगळी वाहतूक. सप्टेंबर २०१९मध्ये डोंबिवलीचा कोपर पूलही वाहनांना बंद झाला, आणि डोंबिवलीकरांचा सगळा भार ठाकुर्लीच्या उड्डाणपुलावर आला. म्हणजे कल्याण आणि डोंबिवली या जोडशहरांत रूळ ओलांडायच्या दोन मुख्य वाटा एकाच वेळी अडल्या. दोन्ही पुलांची कारणं वेगळी, यंत्रणा वेगळ्या, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर. एकत्र मात्र ते कोणी पाहिल्याचं दिसलं नाही. पत्री पुलाचा ७६.६७ मीटर लांब, सुमारे ७०० टनांचा गर्डर हैदराबादेत बनला, टाळेबंदीत रखडला, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये शनिवार-रविवारचे ब्लॉक घेऊन रुळांवरून सरकवला गेला. २५ जानेवारी २०२१ला पूल खुला झाला आणि त्याला आई तिसाई देवीचं नाव मिळालं, तरी रिक्षावाला अजून पत्री पूलच म्हणतो. कोपर पूल त्याच वर्षी सप्टेंबरात खुला झाला.

ठरवलेला ब्लॉक जमतो, न ठरवलेला जमत नाही, असा सोपा निष्कर्ष यातून काढता येईल. तो मला पूर्ण पटत नाही, कारण २७ जुलै २०१९. आदल्या रात्री ८.२०ला सीएसएमटीहून सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अंधारात थांबली. उल्हास नदीचं पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर महिला. उतरू नका, एवढंच त्यांना सांगता येत होतं. उजाडताना पहिले पोचले ते चामटोलीच्या आसपासचे गावकरी. मग एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, हवाई दलाची हेलिकॉप्टरं, लष्कराच्या तुकड्या, आरपीएफ, पोलीस. दुपारपर्यंत एकेका डब्यातून सगळे बाहेर आले, एकही जीव गेला नाही. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. बाहेर काढलेली ओली, उपाशी माणसं बदलापूरला मंगल कार्यालयात नेली, तिथे डॉक्टर आणि जेवण. तिथून त्यांना कल्याणला नेलं. कल्याणहून विशेष गाडी सोडली ती कर्जतच्या बंद मार्गाने नव्हे, कसारा, मनमाड, दौंड असा लांबचा वळसा घालून कोल्हापूरला. महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यासमोर आणा, म्हणजे बदलापुरात अडकलेल्या माणसाला मनमाडमार्गे कोल्हापूरला पोचवायला किती नियंत्रकांनी एकमेकांना फोन केले असतील याचा अंदाज येईल.

म्हणजे मुहूर्त न ठरवताही जमतं. फरक एवढाच की त्या दिवशी ही आपत्ती आहे यावर सगळ्यांचं पहिल्या तासातच एकमत होतं, आणि आपत्ती म्हटलं की कायदा, पैसा, बोट, हेलिकॉप्टर आणि आदेश देणारा माणूस, सगळं मिळतं. ठाणे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, ज्याला सगळे टीडीआरएफ म्हणतात, जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडीच्या दरडीपर्यंत गेलं. डोंबिवलीत २३ मे २०२४ला एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हाही कोणी हद्द विचारली नाही. अडतं ते मधल्या पायरीवर, जिथे घटना रोजच्या कामापेक्षा मोठी असते आणि आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही.

२ जानेवारी २०१५ला असंच झालं. सकाळी ऐन गर्दीत ठाकुर्लीजवळ बिघाड झाला आणि गाड्या ठप्प झाल्या. दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, मोटरमनला मारहाण झाली, मग मोटरमननी काम थांबवलं आणि तासन् तास लोकल बंद राहिल्या. तेव्हाच्या बातम्यांत संतप्त प्रवाशांवर भरपूर लिहिलं गेलं. दिव्यातून रस्त्याने ठाण्याला जायचं तर आधी शीळफाटा गाठायचा आणि मुंब्र्याला वळसा घालायचा, हे त्यात फारसं आलं नाही. तिथे पर्यायी मार्ग असा नव्हताच. बिघाड झाल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात दिवा, डोंबिवली आणि कल्याणच्या स्टेशनबाहेर बसगाड्या लागायला सुरुवात झाली असती तर दगड पडले नसते असा माझा दावा नाही. पण गाडी कधी सुटेल हे न कळणं आणि दुसरं काहीच न दिसणं, यातून माणूस चिडतो ती चीड वेगळी असते.

टाळेबंदीत हेच महिनोन् महिने चाललं. जून २०२०मध्ये लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, बाकीच्यांनी बसने जायचं. डोंबिवलीत इंदिरा चौकापासून एसटीसाठी लागलेल्या रांगा रस्ते ओलांडून वळणावळणाने जायच्या. गाड्या एसटीच्या, रस्ता एमएसआरडीसीचा, रांग महापालिकेच्या हद्दीत, बंदोबस्त पोलिसांचा, आणि किती माणसं उद्या पहाटे येणार याचा अंदाज मात्र रांगेतल्या माणसांना.

एका यंत्रणेला या सगळ्या यादीत कोणी जागाच देत नाही, ती म्हणजे शेअर रिक्षा. कल्याण आणि डोंबिवलीत रेल्वे बंद पडली की सर्वांत आधी पोचते तीच. चालकांच्या आपापसातल्या फोनवर बातमी सरकारी मजकुरापेक्षा लवकर फिरते, आणि काही मिनिटांत स्टेशनबाहेर ‘ठाणे, ठाणे’ ओरडा सुरू होतो. भाडं तिप्पट होतं हेही खरं, आणि ते चुकीचंच आहे. पण आणीबाणीच्या दिवसाचा दर आरटीओने आधीच ठरवून ठेवला, रिक्षा संघटनांना एका फोनवर कळेल अशी सोय केली, तर तीच लूट सेवा ठरेल. आज रिक्षावाल्याला बैठकीला बोलावतात ते फक्त दंडाबद्दल बोलायचं असतं तेव्हा.

९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातले प्रवासी पडले आणि चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. जखमी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि ठाण्यात नेले. त्यानंतर चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दारांची, आणि ती व्हायलाच हवी होती. १९१६च्या पारसिक बोगद्यातून थेट जाणाऱ्या जलद लोकल २०२२च्या नव्या मार्गिकेनंतर मुंब्र्याच्या वळणावरून जाऊ लागल्या आहेत. पण गाड्या वाढल्या नाहीत तर दार बंद होऊनही आत मावणार नाहीत इतकी माणसं फलाटावर उरणार, आणि त्या उरलेल्या माणसांना घ्यायला त्या वेळी रस्त्यावर काय आहे, हा प्रश्न रेल्वेच्या कक्षेत येत नाही. तो टीएमटी-केडीएमटीचा प्रश्न आहे, आणि त्यांच्याकडे गर्दीच्या वेळी मोकळी उभी असलेली गाडी असणं हीच अपवादाची गोष्ट.

यावरचं सरकारी उत्तर जुनं आहे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांत एकात्मिक वाहतूक प्राधिकरण असावं असं म्हटलं. २००८मध्ये मुंबई महानगरासाठी असं प्राधिकरण जाहीरही झालं, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली. त्याला दात देणाऱ्या कायद्याची चर्चा तेव्हापासून चालू आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘मुंबई वन’ हे अ‍ॅप आलं, त्यात टीएमटी आणि केडीएमटीसह ११ सेवांचं तिकीट एका जागी मिळतं. तिकीट एक झालं ही चांगली सुरुवात आहे. पण तिकीट एक असणं आणि गाडी बंद पडल्याची बातमी एका जागी येणं या दोन गोष्टी वेगळ्या.

दात असलेलं प्राधिकरण येईपर्यंत थांबायची खरं तर गरज नाही, असं मला वाटतं ते न्यूयॉर्कमुळे. तिथे हडसन नदीवर आपल्यासारखेच मोजके पूल आणि बोगदे, दोन्ही काठांवर वेगळी राज्यं, आणि डझनावारी यंत्रणा एकाच वेळी समांतर रस्ते खोदत होत्या. १९८६मध्ये त्यांनी मिळून ट्रान्सकॉम नावाचं केंद्र काढलं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट या तीन राज्यांतल्या रेल्वे, बस, पूल, टोल आणि पोलीस अशा १६ संस्था त्यात आहेत. त्या केंद्राला कोणावरही हुकूम चालवता येत नाही. चोवीस तास माणूस बसतो, कुठेही काही घडलं की त्याला कळवायचं आणि त्याने ज्याला ज्याला फरक पडेल त्या प्रत्येकाला कळवायचं, इतकंच काम. खोदकामाची वेळापत्रकंही तिथे एकाखाली एक मांडली जातात, म्हणजे पत्री आणि कोपर एकाच वेळी बंद राहणार असतील तर ते कागदावर तरी दिसतं.

ठाण्याला असं टेबल मांडायला नवीन इमारत लागत नाही. स्मार्ट सिटीच्या पैशातून ठाण्यात आणि कल्याणमध्ये कॅमेऱ्यांची नियंत्रण केंद्रं उभी आहेत, भिंतभर पडदे आहेत. तीन पाळ्यांत, दर पाळीला मध्य रेल्वेचा एक, वाहतूक शाखेचा एक, दोन्ही परिवहन सेवांचा मिळून एक, एसटीचा एक असे लोक तिथे बसले आणि शेजारच्या आयुक्तालयांचे थेट फोन लागले, तर बाराच्या ठोक्याला ट्रक सोडायचे की धरायचे हे विचारायला कोणाची ओळख काढावी लागणार नाही. मोठ्या ब्लॉकला हेच लोक एकत्र येतात, त्यांना रोज एकत्र बसवायचं एवढंच बाकी आहे. खर्च पगाराचा, आणि भांडण तो पगार कोणाच्या खात्यातून जाणार याचं. ते भांडण होणार हे गृहीत धरूनच सुरुवात करावी लागेल.

घाईचं कारणही आता डोक्यावर आलं आहे. मेट्रो ४ची गायमुखच्या बाजूच्या टप्प्यावरची चाचणी सप्टेंबर २०२५मध्ये झाली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२ची कामं सुरू आहेत. तिन्ही एमएमआरडीएच्या, आणि बहुतांश उन्नत. १९ ऑगस्ट २०२५च्या पावसात मुंबईत मैसूर कॉलनीजवळ मोनोरेल वरच अडकली, तेव्हा साडेपाचशेहून जास्त प्रवासी अग्निशमन दलाने शिडीच्या गाड्या लावून उतरवले. शिडीची गाडी उभी राहायला खाली रस्ता मोकळा लागतो. ठाण्यात तो रस्ता घोडबंदरचा असेल किंवा कल्याण-शीळचा. त्यावर कोणती लेन त्या गाडीसाठी राखायची, कोणत्या दोन खांबांच्या मधे ती उभी राहील, आणि वीज बंद केल्याची खात्री तिच्या चालकाला कोण देईल, हे गाड्या सुरू होण्याआधी एमएमआरडीए, महापालिका आणि तीन हात नाका यांनी एका टेबलाशी बसून लिहून काढायला हवं.